दार घ्यावे ते चौकटीसकट : ओशिवऱ्याचा जुन्या सागवानाचा बाजार

गुहागर तालुक्यातील आमच्या आजोळच्या घराचे पुढचे दार वाळवीने आतून पोखरले होते, आणि पडवीच्या चार खांबांपैकी दोन तळाशी इतके कुजले होते की छप्पर तात्पुरत्या टेकूंवर तोलून धरावे लागले. नवे सागवान घेऊन सगळे पुन्हा घडवून घ्यावे, की पाडलेल्या इमारतींतून निघालेले दार, खिडक्या आणि खांब शोधावेत, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही जुन्या मालाचा मार्ग धरला आणि त्यासाठी मुंबईत जोगेश्वरी पश्चिमेकडील ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मी चार फेऱ्या केल्या. पुढे लिहिले आहे ते त्या चार फेऱ्यांविषयी, तिथून आणलेल्या मालाविषयी आणि त्या मालाने एक पावसाळा काढल्यावर जे दिसले त्याविषयी.

माझे मत आधीच सांगते. इतके चांगले लाकूड आज नवे म्हणून कोणत्याही वखारीत सहज मिळणार नाही, आणि ते मिळवण्यासाठी ओशिवऱ्यापर्यंत जाण्याचे कष्ट घेण्यासारखे आहेत. मात्र तिथे जाऊन नुसती कवाडे आणू नयेत. दार घ्यायचे तर चौकट, उंबरठा, कडी-कोयंडा आणि शक्य असेल तर वरच्या पट्टीसकट घ्यावे, कारण जुन्या सुताराने ते सारे मिळून एकच वस्तू म्हणून घडवलेले असते आणि त्यातला एक भाग गेला की उरलेल्याचे निम्मे गुण जातात. हे मला पैसे मोजल्यावर कळले. वाचणाऱ्यांना आधी कळावे.

बाजार प्रथम पाहणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता अधिक असते. रस्त्याला लागून असलेल्या दुकानांत मांडलेला बराचसा माल जुना नसतो, जुन्यासारखा दिसेल असा नव्याने बनवलेला असतो. खरी जुनी दारे, खिडक्या, तुळया, कठडे आणि गॅलरीचे खांब आतल्या गल्ल्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून किंवा एकावर एक रचून ठेवलेले असतात. त्या गल्ल्या अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना लाकूड, पॉलिश आणि फोम यांचे ढीग आहेत, आणि या बाजाराला मार्च २०२३ व फेब्रुवारी २०२५ मध्ये लागलेल्या मोठ्या आगी लक्षात ठेवून मी प्रत्येक शेडमध्ये शिरण्याआधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते पाहून ठेवत असे. शनिवार-रविवार टाळून सकाळी जावे, सोबत टेप, चुंबक, विजेरी आणि एक टोकदार टोच्या घ्यावा. रचलेल्या ढिगातले खालचे दार पाहायचे असेल तर चार माणसांना वरची दहा दारे हलवावी लागतात. दुकानदार ते काम निरुत्साहाने का होईना पण करतात, हे त्यांच्याविषयी नोंदवायला हवे.

हा माल येतो कुठून, हे समजून घेतल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. दक्षिण मुंबईतील जुन्या चाळी आणि उपकरप्राप्त इमारती (दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या जुन्या भाडेकरूंच्या इमारती) पाडल्या जातात तेव्हा त्यांचा लाकडी सांगाडा पाडकाम करणारा ठेकेदार उचलतो आणि तो टप्प्याटप्प्याने अशा बाजारांत पोहोचतो. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कापड गिरण्या बंद पडत गेल्या, १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट मोकळी केली, आणि गिरण्यांच्या छपरांखालील लांबलचक तुळयाही याच मार्गाने बाहेर आल्या. त्यातले पुष्कळ लाकूड ब्रह्मदेशचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे आहे. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांनी तिथल्या जंगलांतील सागवानाचा व्यापार केला आणि समुद्रमार्गे आलेल्या त्या लाकडावर मुंबई उभी राहिली. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यामुळे जंगलात सावकाश वाढलेल्या वृक्षाचे, दाट वलयांचे, पांढरा भाग जवळजवळ नसलेले सागवान हवे असेल तर ते जुन्या घरांतूनच मिळवण्यावाचून फारसा पर्याय उरलेला नाही.

आणखी एक कारण आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. जुनी इमारत सुटी होऊ शकते. तिची चौकट चुन्यात बसवलेली असते, तिच्या तुळया कुसू (खाचेत बसणारे घडवलेले टोक) आणि खाच यांनी जोडून लाकडी खुंटीने पक्क्या केलेल्या असतात, आणि चुना विटेपेक्षा मऊ असल्यामुळे तो खरवडून वीट, फरशी किंवा चौकट अखंड काढता येते. सिमेंटच्या मसाल्यात बसवलेली फरशी काढायला गेले की मसाल्याच्या आधी फरशी तुटते. म्हणजे आज आपण जी घरे बांधत आहोत त्यांतून पुढच्या पिढीला असे काही काढून वापरता येईल, असे मला दिसत नाही. म्हणूनच जे निघते आहे ते तरी चुलीत किंवा भट्टीत जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आता प्रत्यक्ष मालाकडे येते. तिसऱ्या फेरीत मला जे दार मिळाले ते दोन कवाडांचे, ६ फूट २ इंच उंच आणि ३ फूट ९ इंच रुंद होते. त्यावर हिरव्या तैलरंगाचे जाड थर होते. कोपऱ्यात रंग खरवडून लाकडावर नखाने घासले तर सागाचा तो किंचित तेलकट, चामड्यासारखा वास लगेच आला; टोच्या कवाडाच्या खालच्या कडेतही रुतला नाही. कवाडांना बिजागऱ्या नव्हत्या. प्रत्येक कवाडाच्या एका कडेला वर आणि खाली लाकडातच घडवलेले गोल खुंट होते आणि ते चौकटीच्या व उंबरठ्याच्या खळग्यांत फिरत. उजव्या कवाडावर, हाताच्या उंचीला, अर्धचंद्रासारखा एक खोल ओरखडा होता. दार उघडले की कडी सुटून खाली लोंबते आणि हलत राहते. तिच्या टोकाने वर्षानुवर्षे घासून तो अर्धचंद्र लाकडात कोरला गेला होता, आणि रंगाच्या प्रत्येक थरानंतर तो पुन्हा उमटला होता. तो पाहून मी दार घ्यायचे ठरवले. दुकानदाराने ते गिरगावातल्या एका चाळीतून आल्याचे सांगितले. चार फेऱ्यांत माल कुठून आला हे आपण होऊन सांगणारा तो एकमेव माणूस होता.

दार चौकटीसकट ठरले, चौकट आणि उंबरठा दोन्ही दुकानात उभे करून मी मोजले, छायाचित्रे घेतली आणि ४८,००० रुपयांवर व्यवहार झाला. टेम्पो गुहागरला पोहोचला तेव्हा चौकटीच्या वरच्या पट्टीची दोन्ही बाजूंना भिंतीत शिरणारी टोके करवतीने कापून टाकलेली होती आणि उंबरठा त्यात नव्हताच. फोनवर उत्तर मिळाले की टोके टेम्पोत मावत नव्हती, आणि उंबरठा एका बाजूने कुजलेला असल्यामुळे “काढून ठेवला”. तो कुजलेला नव्हता. माझ्याकडच्या छायाचित्रांत ते स्वच्छ दिसते. बरीच बोलाचाली झाल्यावर ५,००० रुपये परत मिळाले, उंबरठा मात्र मिळाला नाही. दुकानाचे नाव इथे देत नाही, कारण एका व्यवहारावरून कोणावर कायमचा शिक्का मारणे मला पटत नाही, आणि तशी कापाकापी हा त्या व्यवसायाचा सर्रास रिवाज आहे हे मला नंतर इतर दुकानांत फिरताना दिसले. चौकट भिंतीतून सोडवायला वेळ लागतो, कवाडे दोन मिनिटांत उचलून निघतात. म्हणून पाडकामाच्या ठिकाणीच बहुतेक चौकटी तुटतात आणि बाजारात येतात ती सुटी कवाडे. ती कवाडे मग टेबले होतात, पलंगाच्या उशाकडच्या पाठी होतात. त्यात गैर काही नाही, पण ज्याला दार हवे आहे त्याने पावतीवर “चौकट अखंड, उंबरठ्यासह, न कापता” असे लिहून घ्यावे आणि माल टेम्पोत चढेपर्यंत तिथून हलू नये.

कापलेल्या टोकांमुळे झालेले नुकसान आमच्या सुतारांनी भरून काढले. ते साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या वडिलांनी आमच्या घराचे छप्पर एकदा दुरुस्त केले होते. त्यांनी चौकटीचे उरलेले सांधे उलटसुलट करून पाहिले आणि मला बोलावून दाखवले : सांध्यांवर पटाशीने मारलेल्या बारीक खुणा होत्या, एका कोपऱ्यात एक रेघ, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. घडवताना सुटे भाग कुठल्या भागाला बसवायचे ते कळावे म्हणून जुने सुतार अशा खुणा करत. “ताई, चार रेघा उंबरठ्याच्या बाजूला असणार,” ते म्हणाले, “आपल्याकडे तेवढ्याच नाहीत.” मी त्यांना दार तासून गुळगुळीत करण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी रंधा लावायला साफ नकार दिला. रंध्याने वरचा मुरलेला थर जातो आणि आत लपलेल्या एखाद्या खिळ्यावर पात्याची धार जाते, हे त्यांचे म्हणणे आणलेल्या एका खिडकीच्या बाबतीत खरे ठरले. चुंबक न फिरवता घाई केल्याने एक पाते गेलेच. रंग त्यांनी गरम हवेच्या यंत्राने मऊ करून खरवडीने काढला. बाजारात कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने रंग उतरवून देण्याची सोय आहे आणि ती स्वस्तही आहे, पण सोड्याने साग काळवंडतो, त्याचे तंतू उभे राहतात आणि पुढे सरस नीट धरत नाही. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, तेव्हा खरवडताना तोंडाला चांगला मास्क लावावा, लहान मुलांना दूर ठेवावे आणि पडलेली पापुद्री झाडून अंगणात टाकू नये.

खांबांचा अनुभव वेगळा आणि एकंदरीत चांगला होता. वाड्यांतले सुरूच्या आकाराचे, केळफुलांची नक्षी असलेले खांब आपल्या डोळ्यांसमोर असतात, पुण्याच्या विश्रामबाग वाड्याने ते सर्वांना परिचित केले आहेत. तसे खांब ओशिवऱ्यात दिसले तर बहुतेक वेळा ते नव्याने कोरलेले असतात. मला हवे होते ते चाळीच्या गॅलरीतले साधे, चौकोनी, कडा मारलेले खांब. चार खांब एकाच इमारतीतले म्हणून ५६,००० रुपयांना घेतले, आणि घरी आल्यावर सुतारांनी पाच मिनिटांत सांगितले की त्यांतील एक नवा आहे. तिघांच्या माथ्यावर पटाशीच्या खुणा आणि हातकरवतीच्या वाकड्यातिकड्या रेघा होत्या. चौथ्यावर यंत्रकरवतीच्या सारख्या अंतरावरच्या रेघा होत्या आणि जुनेपण आणण्यासाठी त्याला काहीतरी काळपट फासलेले होते. लाकूड सागच होते, त्यामुळे मी तक्रार केली नाही. पण घेणाऱ्याने नेहमी खांबाचा माथा आणि तळ पाहावा, कारण रंग आणि पॉलिश बाजूंना असते, टोके कोणी सजवत नाही. तळाशी दोन खांब सात-आठ इंच किडलेले होते, तो भाग कापून आम्ही त्यांच्याखाली तेवढ्या उंचीचे काळ्या दगडाचे तळखडे दिले. लाकडाचे कापलेले टोक जमिनीला टेकले की ओल त्यातून वर चढते; तळखडा असतो तो त्यासाठीच, आणि आमचे आधीचे खांब कुजले ते मागच्या दुरुस्तीत तळखडे सिमेंटच्या कोब्याखाली गाडले गेल्यामुळे.

भावाविषयी थोडे. तुळया, कड्या (छताच्या बारीक तुळया) आणि फळ्या घनफुटाने विकल्या जातात. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन तिन्हींचा गुणाकार १४४ने भागला की घनफूट मिळतात. ५ इंच × ३ इंच × ७ फूट म्हणजे १०५ भागिले १४४, अर्थात सुमारे पाऊण घनफूट. दुकानदार किडलेली टोके आणि खाचांचा भागही मापात धरतात, तो वगळून माप घ्यायला लावावे. दारे, खिडक्या आणि खांब नगावर विकले जातात आणि तिथे घासाघीस होते.

बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे कठडेही मी पाहिले, पण घेतले नाहीत. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोच्या मॅकफर्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीसारख्या कारखान्यांतून असे ओतीव काम जगभर जात असे, हिंदुस्थानातही येत असे. दिसायला ते फार सुंदर असते, परंतु बीड ठिसूळ असते, वाहतुकीत तडकते, आणि तडकलेले बीड साध्या वेल्डिंगने धड जुळत नाही. नक्षीच्या सिमेंट फरश्यांबाबत मात्र एक सोय आहे : १९२२ साली मुंबईत सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी तशा फरश्या आजही बनवते, त्यामुळे जुन्या फरश्यांचा ढीग घेतला आणि दहा-वीस कमी पडल्या तर जुळणाऱ्या मिळण्याची आशा असते.

कायद्याचा एक मुद्दा खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. १९७२च्या पुरावस्तू आणि बहुमोल कलाकृती कायद्यातील व्याख्येत, किमान शंभर वर्षे जुनी असलेली, इमारतीपासून सुटी केलेली वस्तू पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ओशिवऱ्यात जवळजवळ प्रत्येक नक्षीदार दाराबाबत “शंभर वर्षांपूर्वीचे आहे” असे ऐकायला मिळते. ते खरे असेल तर परवाना दाखवायला सांगावे. परदेशात स्थायिक झालेल्या आणि आपल्या गावच्या वाड्याचे दार तिकडच्या घराला लावण्याची इच्छा असलेल्या वाचकांनी तर हे आधी तपासावेच. माझ्या एका नातेवाइकांचा असा बेत मला मोडावा लागला. देवळातून निघालेले कोरीव काम कोणी दाखवले तर मी तिथून निघून येते, त्यात विचार करण्यासारखे काही नाही.

बाजारावरची माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र पैशांची किंवा कापलेल्या चौकटीची नाही. कोणत्या पेठेतील, कोणत्या गल्लीतील, कोणत्या मजल्यावरील हे दार, याची एक ओळसुद्धा कोणी लिहून ठेवत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे उरलेले भाग आणून पुन्हा जुळवून ठेवले आहेत. आज आपण तिथे उभे राहून तो दालनाचा तुकडा पाहतो आणि तो कुणाचा, कुठला हे आपल्याला ठाऊक असते, कारण आणणाऱ्याने वस्तूबरोबर तिची हकिगतही आणली. साध्या चाळीच्या दाराला संग्रहालय नको आहे. पण दाराच्या मागे खडूने इमारतीचे नाव आणि पाडल्याचे वर्ष लिहायला पाडकामवाल्याला अर्धे मिनिट लागेल, आणि घेणारा त्या दोन शब्दांसाठी आनंदाने थोडे अधिक मोजेल. मी मोजले असते. ज्यांना ओशिवऱ्याला जायचे आहे त्यांनी जाण्यापूर्वी केळकर संग्रहालयातील दारे आणि खिडक्या जवळून पाहून घ्याव्यात, सांधे आणि खिळ्यांची फुले डोळ्यांत बसली की बाजारातले नवे-जुने ओळखणे सोपे जाते.

दार जूनच्या पहिल्या आठवड्यात बसले. घराची जुनी मोकळी जागा ७ फूट उंच होती, म्हणून चौकटीवर ओशिवऱ्याहूनच आणलेले रंगीत काचांचे एक अरुंद तावदान बसवले आणि ओटीवर दुपारनंतर पिवळा-निळा उजेड पडू लागला. कोकणच्या पावसात कवाडे फुगतील अशी मला भीती होती. डावे कवाड ऑगस्टमध्ये जेमतेम एक सूत फुगले, घासू लागले, आणि दिवाळीपर्यंत आपोआप मोकळे झाले. पावसात तासू नका, असे सुतारांनी बजावले होते ते बरे झाले. त्याच वेळी माजघराला बसवलेले दोन वर्षांपूर्वीचे नवे फ्लश डोअर खालून सुटून कायमचे वाकडे झाले आहे.

उंबरठ्याच्या जागी सध्या जांभ्याचा एक घडवलेला चिरा आहे आणि कवाडांचे खालचे खुंट त्यात बसवलेल्या पितळी वाट्यांत फिरतात. दार बंद होते, पण चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतील खाचा रिकाम्या आहेत. नवा उंबरठा घडवून द्यायला सुतार तयार आहेत. त्यांनीच सुचवले की आधी जुना मिळतो का ते एकदा पाहावे. ४ फूट ६ इंच लांब, ५ इंच रुंद, ३ इंच जाड, आणि सांध्यावर चार रेघा असलेला तो उंबरठा ओशिवऱ्यातील एखाद्या शेडमध्ये पडलेला असणार. पुढच्या महिन्यात मी पाचव्या फेरीला जाणार आहे.